डेटन, ओहायो: ओव्हरडोसच्या मृत्यूंचा आलेख कसा चढला आणि कसा उतरला

मियामीकाठ

अमेरिकेतल्या रोजच्या जगण्यावरच्या धाग्यात कुणीतरी विचारलं होतं, की फेंटानिलच्या (अफूच्या धर्तीवर बनवलेलं अतिशय जहाल कृत्रिम औषध) एवढ्या बातम्या येतात, तर हे सुरू कुठून झालं? आणि आता आकडे खाली येतायत म्हणजे संपलं का? तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी ओहायोत डेटनजवळ एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. सगळ्या देशाबद्दल लिहीत बसण्यापेक्षा या एकाच काउंटीबद्दल (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लिहिते. देशाच्या सरासरीत जे बुडून जातं ते इथे स्पष्ट दिसतं.

डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, माँटगोमेरी काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटीची लोकसंख्या सुमारे ५ लाख ३० हजार, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराएवढी. २०१७ या एका वर्षात इथे ओव्हरडोसने ५६६ माणसं गेली. लाखामागे शंभराहून जास्त. त्या वर्षी देशाचा दर लाखामागे २१.७ होता आणि तोही तोवरचा उच्चांक होता. शवागारात जागा पुरेना, ही बातमी तेव्हा देशभर गेली. आदल्या वर्षी हाच आकडा ३४९ होता, आणि पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, तो ५६६च्या जवळपास निम्म्यावर आला.

दोन वर्षांत एवढा चढ आणि एवढा उतार. व्यसनी माणसांची संख्या अशी एका वर्षात फुगत नाही आणि ओसरतही नाही. मग बदललं काय?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ऑक्सीकॉन्टिन ही वेदनेवरची गोळी १९९६ मध्ये बाजारात आली आणि साध्या पाठदुखीलाही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, लिहून देणं रुळलं. ओहायोच्या दक्षिण टोकाला, नदीकाठच्या सायोटो काउंटीत, रोख पैसे घेऊन गोळ्या लिहून देणारे दवाखानेच उघडले गेले. लोकसंख्या ऐंशी हजाराच्या आत, आणि २०१० मध्ये तिथे ९७ लाख गोळ्या गेल्या. डेटनमध्ये त्याच सुमारास मोरेनचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८च्या नाताळाच्या तोंडावर बंद झाला आणि २००९ मध्ये एनसीआर कंपनीने आपलं मुख्यालय जॉर्जियाला हलवलं. कारखान्यात वर्षानुवर्षं राबून दुखावलेली शरीरं होती, औषधं होती आणि रोजगार गेला होता. सगळा दोष बेकारीवर टाकणं मला पटत नाही, नोकरीत असलेलीही पुष्कळ माणसं गेली. पण जमीन तयार होती, हे खरं.

२०१० मध्ये ऑक्सीकॉन्टिनची गोळी अशी बनवली गेली की सहज कुटता येईना. २०११ मध्ये ओहायोने कायदा करून ते दवाखाने बंद पाडले. दोन्ही पावलं गरजेची होती. पण ज्यांना व्यसन लागलं होतं त्यांच्या उपचाराची सोय कुणी केली नव्हती. ते हेरॉइनकडे गेले, आणि ते गोळीपेक्षा स्वस्त होतं. २०१३-१४ पासून हेरॉइनमध्ये फेंटानिल मिसळून यायला लागलं. आय-७० आणि आय-७५ हे दोन मोठे महामार्ग डेटनच्या उत्तरेला एकमेकांना छेदतात, त्यामुळे माल इथे पोचायला वेळ लागत नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात कार्फेंटानिल आलं. हत्तीसारख्या प्राण्यांना गुंगी देण्यासाठीचं औषध, फेंटानिलच्या शंभरपट जहाल. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत सहा दिवसांत १७४ ओव्हरडोस झाले. २०१७च्या जानेवारी-फेब्रुवारीत ओहायोच्या २४ काउंट्यांमधल्या २८१ मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात माँटगोमेरीचे मृत्यू सगळ्यात जास्त होते. सुमारे ९० टक्के मृतांच्या शरीरात फेंटानिल किंवा त्याच्या जातीचं रसायन होतं. हेरॉइन फक्त ६ टक्क्यांत. लोक अजून "हेरॉइनची साथ" म्हणत होते तेव्हा हेरॉइन जवळजवळ उरलंच नव्हतं. आपण काय घेतोय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: मृत्यूंचा आलेख हा व्यसनाचा आलेख नाही. तो मुख्यतः पुरवठ्यात काय आहे याचा, आणि माणूस कोसळला तेव्हा जवळ कोण होतं याचा आलेख आहे.

२०१८चा उतार कशामुळे? कार्फेंटानिल ओसरलं, हे एक. पण इथे कामही झालं. गव्हर्नर केसिक रिपब्लिकन, तरी स्वतःच्या पक्षाचा विरोध असताना त्यांनी २०१४ पासून मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) वाढवलं. राज्यातल्या सुमारे सात लाख गरीब प्रौढांना विमा मिळाला आणि व्यसनावरचे उपचार त्यात बसले. डेटनच्या पोलिसप्रमुखांनी आपल्या अधिकाऱ्यांकडे नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणारं औषध, दिलं. ओव्हरडोसमधून वाचलेल्या माणसाच्या दारावर थोड्याच दिवसांत समुपदेशक, पोलिस आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला एखादा सोबती असे मिळून जायला लागले. सुया बदलून मिळायची सोय झाली. यातल्या कशाचा वाटा किती टक्के, हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण मेडिकेड काढून घेतलं असतं तर बाकीची सगळी कामं पैशांअभावी अडली असती, एवढं मी माझ्या कामाच्या अनुभवावरून म्हणते.

सांजवात

सुंदर लिहिलंय. धागा वाचनखूण करून ठेवला.

रोखठोक_७४

माहितीपूर्ण आहे, पण एक कळत नाही. नालोक्सोन फुकट वाटायचं, त्याच माणसाला चारचार वेळा उठवायचं, आणि तो परत घेणार. करदात्यांनी किती वेळा भरायचं? आणि मरायची भीतीच उरली नाही तर लोक सोडतील कशाला? मी कुणाच्या मरणावर टपलेलो नाही, पण हा प्रश्न विचारला की लगेच माणसाला निर्दयी ठरवतात.

मियामीकाठ

रोखठोक, तुम्हाला निर्दयी म्हणणार नाही. हाच प्रश्न आमच्या शेजारच्या बटलर काउंटीत २०१७ मध्ये जाहीरपणे विचारला गेला. मिडलटाउनच्या एका नगरसेवकाने सुचवलं, की दोनदा वाचवलेल्या माणसासाठी तिसऱ्या वेळी रुग्णवाहिका पाठवू नये. तिथल्या शेरीफने सांगितलं, की आपले अधिकारी नालोक्सोन बाळगणार नाहीत. डेटनने त्याच काळात उलटी वाट धरली होती.

आता भीतीबद्दल. नालोक्सोन मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागेवरून औषधाला हुसकावून लावतं. बंद पडत आलेला श्वास सुरू होतो आणि त्याच क्षणी माणसाला तीव्र त्रास सुरू होतो: उलट्या, थरथर, अंगभर कळा. या त्रासाच्या भीतीनेच तर तो रोज घेत असतो. नालोक्सोन आहे म्हणून निवांतपणे ओव्हरडोस करून घेऊ, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि मरणाची भीती व्यसन सोडवत असती तर २०१७ मध्ये डेटनमधला प्रत्येक जण सुटला असता. प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी गेलं होतं.

चौथ्यांदा वाचलेला माणूस पाचव्यांदा उपचाराला जातो. असं खरंच होतं. मेलेला जात नाही. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही ओपिऑइडच्या व्यसनावरची औषधं चालू असतील तर मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळा परवाना लागायचा, ती अट २०२२च्या डिसेंबरमध्ये कायद्याने गेली. वेदनेसाठी ऑक्सीकोडोन (ऑक्सीकॉन्टिनमधलं औषध) लिहायला असा वेगळा परवाना कधीच लागत नव्हता, आणि त्याच्या व्यसनावरचं औषध लिहायला लागत होता. हे किती वर्षं चाललं याचा मला अजून राग येतो.

निशिगंध_क्लीव्हलंड

या धाग्यात माझ्यासारख्यांबद्दलही कुणी बोलावं म्हणून लिहिते. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी कित्येक वर्षं कमी मात्रेत ओपिऑइड घेत होते. डॉक्टर तेच, मात्रा तीच, नोकरी नीट चालू. २०१६ मध्ये सीडीसीच्या (केंद्राची रोगनियंत्रण संस्था) ओपिऑइड लिहून देण्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना आल्या, २०१७ मध्ये ओहायोने नव्या दुखण्यासाठी प्रौढांना सात दिवसांची मर्यादा घातली. माझं दुखणं जुनं, मला ती मर्यादा लागूही नव्हती. पण दवाखान्याने घाबरून सगळ्यांचीच औषधं भराभर कमी केली. औषधांच्या दुकानात माझ्याकडे चोर असल्यासारखं बघायचे. त्या काळात मी काय काय विचार केले ते इथे लिहिणार नाही. मला नवरा होता, दुसरा डॉक्टर शोधायला पैसे होते. ज्यांना यातलं काहीच नव्हतं ते कुठे गेले असतील?

मियामीकाठ

निशिगंध, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. ओहायोत २०१२ मध्ये ओपिऑइडच्या ७९ कोटी ३० लाख गोळ्या दिल्या गेल्या, २०१७ मध्ये ५६ कोटी ८० लाख. सरकारी अहवालात हे यश म्हणून येतं. त्याच पाच वर्षांत मृत्यू मात्र वाढत गेले. गोळ्या कमी करणं म्हणजे नव्या माणसाला व्यसन लागू न देणं, ते योग्यच आहे. पण जो आधीच औषधावर आहे त्याचं औषध एकदम तोडलं तर तो रस्त्यावरच्या मालाकडे जातो, नाहीतर वेदनेने खचतो. २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं, की मात्रा हळूहळू आणि रुग्णाशी बोलून कमी करा. २०२२ मध्ये सीडीसीने सूचना बदलल्या आणि आकड्यांच्या ठोक मर्यादा सैल केल्या. तोवर तुमच्यासारख्या अनेकांनी फार सोसलं होतं.

वसईचा_वारा

मी औषधनिर्माण क्षेत्रात आहे, भारतात. आपल्या बाजूचंही लिहायला हवं. रुग्णांना फेंटानिलचा फवारा लिहून द्यावा म्हणून डॉक्टरांना लाच देणाऱ्या इन्सिस कंपनीचा संस्थापक जॉन कपूर मुंबईत फार्मसी शिकून अमेरिकेत गेलेला. २०१९ मध्ये दोषी ठरला, २०२० मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

दुसरं अगदी अलीकडचं, आणि घराजवळचं. २०२५च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं, की मुंबईतली एक कंपनी पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यात टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची एकत्र गोळी बनवून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला पाठवत होती. एक ओपिऑइड आणि एक स्नायू शिथिल करणारं औषध. या मिश्रणाला कुठल्याच देशात परवानगी नव्हती, दोन्ही मिळून श्वास थांबू शकतो. बातमीनंतर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कारखान्यावर छापा घातला, केंद्राने या मिश्रणाचे निर्यात आणि उत्पादन परवाने रद्द केले. त्याआधी, २०१८ मध्ये, ट्रामाडॉल हे दुसरं ओपिऑइड एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आणलं होतं. एक दार लावलं तर शेजारचं रसायन पुढे आलं. डेटनमध्ये जे झालं तोच क्रम. आफ्रिकेतल्या त्या गावांत मरणाऱ्या पोरांचा आलेख कोण काढतंय?

चाफेकळी_पुणे

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या कामात स्वयंसेवक आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ऐंशीच्या दशकातली गर्दची लाट आठवत असेल. मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर इतक्या झपाट्याने पसरली की १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू करावं लागलं, पुलं-सुनीताबाईंनी त्याला हात दिला. तेव्हा सगळा भर गर्दवर होता. आता दारूचेच रुग्ण जास्त येतात. पण २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात ओपिऑइड घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख निघाले होते. त्यामुळे गर्द इतिहासजमा झाली असं मी कधी म्हणत नाही.

ताई, एक विचारायचं होतं. आमच्याकडे उपचार घेऊन घरी गेलेला माणूस परत घसरला की घरचे म्हणतात, सगळं पाण्यात गेलं. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्या पहिल्या घसरणीची वाटते, कारण तो जुन्याच मात्रेत घेतो. तुमच्याकडे तुरुंगातून सुटलेल्यांचंही असंच होतं का?

मियामीकाठ

अगदी तेच होतं. शरीराची सवय काही आठवड्यांत उतरते, मनातली मात्रा तीच राहते. वॉशिंग्टन राज्यातला २००७ मध्ये आलेला अभ्यास आहे: तुरुंगातून सुटल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट. म्हणूनच तुरुंगातच औषध सुरू करणं आणि सुटताना हातात नालोक्सोन देणं हे माझ्या मते सगळ्यात जास्त जीव वाचवणारं काम आहे. नुसतं शरीर स्वच्छ करून, औषधाविना घरी पाठवणं ओपिऑइडच्या बाबतीत धोक्याचं. दारूच्या उपचारातली पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

दोन_लेकरांची_आई

माझा मुलगा येत्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल, कोलंबसला. तो असलं काही घेणारा नाही असं प्रत्येक आईसारखं मलाही वाटतं. २०२२ मध्ये ओहायो स्टेटमध्ये दोन विद्यार्थी गेले, सत्र संपताना. तेव्हा विद्यापीठाने फेंटानिल असलेल्या, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून घेतल्या जाणाऱ्या बनावट अ‍ॅडरॉलबद्दल सावध केलं होतं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्याच्याशी काय बोलू?

मियामीकाठ

उपदेश कमी, माहिती जास्त. मित्राने दिलेली गोळी, मग ती अभ्यासाची असो, झोपेची असो की दुखण्याची, ती औषधाच्या दुकानातून आलेली नसेल तर तिच्यात काय आहे हे मित्रालाही ठाऊक नसतं. डीईएने (केंद्राचं अमली पदार्थविरोधी खातं) तपासलेल्या फेंटानिलमिश्रित बनावट गोळ्यांपैकी २०२३ मध्ये दहातल्या सात गोळ्यांत जीव घेऊ शकेल एवढं फेंटानिल होतं. २०२४ मध्ये दहातल्या पाच. दोन मिलिग्रॅम पुरतं.

दुसरं, कुणी कोसळलं, घोरल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळे पडतायत, तर "झोपू दे" म्हणून सोडायचं नाही. ९११ला फोन, नाकात नालोक्सोन, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस. शुद्धीवर आला तरी एकटं सोडायचं नाही, कारण नालोक्सोनचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि फेंटानिल तोवर शरीरात असू शकतं. आणि त्याला हेही सांगा, की असं काही घडलं तर आधी मदत बोलाव, आम्ही रागावणार नाही. मुलं पोलिसांइतकीच आईवडिलांनाही घाबरतात.

तात्पुरता_आयडी

माझा नेहमीचा आयडी इथे वापरत नाही, समजून घ्या. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत गेला. चांगली नोकरी होती. खांद्याच्या ऑपरेशननंतरच्या गोळ्या, मग बाहेरून. भारतात सगळ्यांना हार्ट अटॅक म्हणून सांगितलं, अजून तेच सांगतो. मावशी अजूनही कुणाशी मोकळेपणाने बोलू शकत नाही. तो खोलीला आतून कडी लावून घ्यायचा, कारण घरात कळलं तर काय, ही भीती. कडी नसती तर कदाचित कुणी वेळेत पोचलं असतं. आपल्या लोकांतले असे मृत्यू कुठल्या आलेखात दिसतात का?

मियामीकाठ

मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण असतं, त्यामुळे सरकारी आकड्यात ते दिसतात. आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण एकमेकांना सांगत नाही. मावशींना माझा नमस्कार सांगा.

एकटं असताना घेणं हेच मारतं. फेंटानिलमध्ये श्वास काही मिनिटांत थांबतो, शेजारी कुणी नसेल तर डबीतलं नालोक्सोन उपयोगाचं नाही. म्हणून इथे "नेव्हर यूज अलोन" नावाची फोनसेवा चालते: घेताना फोनवर कुणीतरी थांबतं, उत्तर येईनासं झालं तर रुग्णवाहिका बोलावतं. ऐकायला विचित्र वाटेल. मला ती अतिशय माणुसकीची गोष्ट वाटते.

आणि आलेख कुणाचा, हा प्रश्न इथेही आहे. सुरुवातीला चेहरा गोऱ्या, ग्रामीण माणसाचा होता. कोविडच्या पहिल्या वर्षात देशातले मृत्यू ७० हजारांवरून जवळपास ९२ हजारांवर गेले. त्या वर्षी २५ राज्यं आणि राजधानी यांच्या आकड्यांत कृष्णवर्णीयांचा मृत्युदर ४४ टक्क्यांनी वाढला, गोऱ्यांचा २२ टक्क्यांनी. कोकेनमध्ये फेंटानिल आलं. वर्षानुवर्षं कोकेन घेणारा पन्नाशीतला माणूस, ओपिऑइडची शरीराला सवयच नाही, तो एका डोसात जातो. त्याच्यापर्यंत नालोक्सोनची मोहीम पोचलेलीच नव्हती, कारण तो स्वतःला ओपिऑइड घेणारा समजत नव्हता.

रोखठोक_७४

तात्पुरता आयडी, वाईट वाटलं वाचून. नालोक्सोनबद्दलचं पटलं. पण पुरवठा तोडल्याशिवाय काही होणार नाही, हे माझं मत कायम. चीन, मेक्सिको, सीमा, सगळं आवळायला हवं. आणि आता आकडे उतरतायत ते त्यामुळेच ना?

मियामीकाठ

२०२२ मध्ये देशात १ लाख ८ हजारांच्या आसपास मृत्यू होते, २०२४ मध्ये सुमारे ८० हजार. ओहायो सगळ्यात मोठ्या घटीच्या राज्यांपैकी एक. पुरवठ्यातलं फेंटानिल पातळ झालंय, वरचा बनावट गोळ्यांचा आकडाही तेच सांगतो. तेव्हा पुरवठ्याचा वाटा मी नाकारत नाही. चीनने मार्च २०१७ मध्ये कार्फेंटानिलवर बंदी घातली, त्याचाही इथे उपयोग झाला असं मला वाटतं. पण त्याच काळात नालोक्सोन विनाचिठ्ठी मिळायला लागलं, उपचार वाढले, आणि ज्यांना सगळ्यात जास्त धोका होता त्यातली फार माणसं आधीच गेली. हे शेवटचं कारण लिहिताना हात जड होतो, पण ते आहे.

माझी भीती अशी, की आलेख उतरला म्हणून पैसे काढून घेतले जातील. मग पुरवठ्यात नवं काही आलं की २०१६चा उन्हाळा पुन्हा. फिलाडेल्फियात २०२४ मध्ये फेंटानिलबरोबर मेडेटोमिडीन दिसायला लागलं, तेही जनावरांच्या गुंगीचं औषध आणि ओपिऑइड नाही, म्हणजे त्याच्यावर नालोक्सोनचा परिणाम होत नाही. ओपिऑइडवरून औषध कंपन्यांवर झालेल्या खटल्यांच्या तडजोडीतून ओहायोला ८० कोटी ८० लाख डॉलर फक्त तीन मोठ्या वितरकांकडून मिळायचेत. त्यातला एक, कार्डिनल हेल्थ, इथलाच, कोलंबसजवळच्या डब्लिनचा. हप्ते पुष्कळ वर्षं चालतील. आपल्या काउंटीत तो पैसा उपचारांवर जातो की कुठल्या गाडीवर, हे बैठकीला जाऊन विचारता येतं. बैठका खुल्या असतात.

मंडळाचा_खजिनदार

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या वेळी रक्तदाब-साखर तपासणीचं टेबल असतं. तिथे नालोक्सोनचं प्रशिक्षण ठेवावं असं सुचवणार आहे. काही जण म्हणतील सणात हे कशाला. मी तरीही मांडणार. किट कुठून मिळतात, गाडीत ठेवलं तर चालतं का?

मियामीकाठ

जरूर मांडा. ओहायोत असाल तर प्रोजेक्ट डॉनकडून किट फुकट मिळतं, घरपोचही येतं, आणि शिकवायला माणूसही येतो. २०१२ मध्ये पोर्ट्समथला, त्याच सायोटो काउंटीत, सुरू झालेला उपक्रम आहे. इतर राज्यांत काउंटीच्या आरोग्य विभागाला फोन करा. दुकानातही चिठ्ठीशिवाय मिळतं, दोन फवाऱ्यांचा खोका साधारण ४५ डॉलरला.

गाडीत कायमचं ठेवू नका, उन्हाळ्यात आत फार तापतं. पर्समध्ये किंवा घरात प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला जागा माहीत असू दे. नार्कनच्या (नाकात मारायचा नालोक्सोनचा फवारा) नव्या खोक्यांची मुदत २०२४ पासून तीन वर्षांऐवजी चार वर्षं झाली आहे, जुन्या खोक्यावर छापलेलीच तारीख धरायची. मुदत उलटलेलं असलं आणि दुसरं जवळ नसलं तर तेच वापरा. टेबलासाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक मी लिहून देते, संपर्कातून पत्ता कळवा.